मेश्राम काकांच्या नावापुढचं ‘अपूर्ण’

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात नोकरीचे अनुभव लिहायचा हक्क रिटायर लोकांचा आहे. कोणी रेल्वेत छत्तीस वर्षं काढली, कोणी स्टील प्लांटमध्ये, कोणी ट्रेझरीत. मी सत्तावीस वर्षांची आहे. रिटायरमेंट सोडा, माझं प्रमोशनही नाही झालं अजून. पण अंकाचं काम पाहणाऱ्या ताईचा फोन आला, “अवं, एका काकांचा लेख आलाच नाही. चार पानं रिकामी राहून राहिली. तू टाइप लवकर करते ना?”

म्हणजे माझी निवड गुणवत्तेवर झाली. तर लिहून राहिली.

आधी माझं काम काय ते सांगते, कारण आमच्या मोहल्ल्यात, ब्राह्मणपाऱ्यात, ते कोणालेच माहीत नाही. आईले वाटते मी कॉम्प्युटर दुरुस्त करते. कोणाचा प्रिंटर अडकला की गल्लीतून मले हाक येते. प्रिंटरचं अन् माझं काही जमत नाही. मी एन्क्रिप्शनच्या लायब्ररीवर काम करते. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नाही. गोडा मसाला जसा एका घरी कुटतात अन् दहा घरच्या भाज्यांत जाते, तसा एकानं लिहिलेला कोड दहा जण आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये टाकतात. आमचा मसाला कुलपाचा. दोन मशीन एकमेकींशी बोलतात, मधात तार असते, तारेवर कोणी कान लावला तर त्याले नुसती खिचडी ऐकू यावी, हे आमचं काम.

या बोलण्याचे नियम ठरलेले आहेत. नमस्कार कसा करायचा, कोणतं कुलूप वापरायचं, किल्ली कशी ठरवायची, मग बोलायचं काय ते, अन् शेवटी रीतसर निरोप घ्यायचा. या नियमांच्या पोथीले प्रोटोकॉल म्हणतात. पोथी लंबी आहे. मी ती पूर्ण वाचली आहे. वाचली म्हणजे स्क्रोल केली आहे.

आमचं ऑफिस सदर बाजारात, साड्यांच्या दुकानाच्या वर. सहा माणसं, पाच खुर्च्या. मालक साहू भैया. स्वभावानं एकदम सोना, पण कस्टमर ओरडला की भैयाच्या तोंडून एकच वाक्य निघते, “सर, नेटवर्क का इशू है.” लाइट गेली तरी नेटवर्क. मी ऑफिसले उशिरा आली तरी त्यांनी एकदा कस्टमरले सांगतलं होतं, “मैडम का नेटवर्क इशू है.”

तेव्हा आमच्याकडे शहराबाहेर बांधलेल्या नव्या राजधानीतल्या पंप हाऊसचं काम होतं. पाण्याच्या टाक्या चालवायचा ठेका एका कंपनीकडे होता. प्रत्येक पंप हाऊसमध्ये ऑपरेटर, अन् त्याच्यासमोर भिंतीवर आमचा एक डबा. आत छोटंसं बोर्ड, बाहेर आकड्यांच्या कळा, एक मोठं बटण अन् दोन लाइट. ऑपरेटर दर तासाले टाकीचं लेव्हल डब्यात टाकते. ड्यूटी संपली की बटण दाबते. दिवसभराच्या आठ रीडिंग कुलूपबंद होऊन ठेकेदाराच्या हेड ऑफिसले जातात. जात आहे तोपर्यंत पिवळा लाइट टिमटिमते, गेलं की हिरवा. नियम असा, की हिरवा झाल्याशिवाय ऑपरेटरनं निघायचं नाही.

या नियमात एक गोम होती. पिवळा लाइट चार-चार मिनिटं टिमटिमत राहायचा. बाकीचे सगळे ऑपरेटर बटण दाबून पिवळ्यावरच निघून जात. त्यांचं काही बिघडत नव्हतं. एकच माणूस थांबायचा. मेश्राम काका.

मेश्राम काका जुन्या शहरात, गुढियारीत राहतात. रेल्वेत केबिनमन होते, सिग्नलचे खटके ओढण्यात जिंदगी गेली. रिटायर झाल्यावर घरी बसवेना म्हणून हा पंप धरला. सकाळी सहा ते दोन ड्यूटी. अन् रेल्वेचा माणूस पिवळ्यावर कसा निघेल?

पहिल्यांदा मी डबा पाह्यले गेली तेव्हा त्यांनी मले खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले, अन् तक्रार ठेवली.

“दोनले ड्यूटी संपते, पंप दुसऱ्याच्या हवाली करून बटण दाबतो तोवर दोन वाजून दोन मिनिटं होतात. दोन वाजून पाच मिनिटांनी समोरून बस आहे. तुमचा लाइट दोन वाजून सहा मिनिटांनी हिरवा होते. मी रोज त्या बसची पाठ पाहतो. पुढची बस साडेतीनले.”

“मग तुम्ही पिवळ्यावर काहून नाही निघत काका? सगळे निघतात.”

काकांनी माझ्याकडे असं पाह्यलं, जसं मी त्यांले रुळावर झोपायले सांगून राहिली.

“बाई, तू हिरवा लवकर कर. मी हिरव्यावर निघतो.”

नव्या राजधानीतले रस्ते पाह्यले असतील तुम्ही. इतके रुंद, की समोरून येणारा माणूस ओळखू येईपर्यंत तो वळून गेलेला असते. तिथं उन्हात दीड तास बसची वाट पाहणारा म्हातारा माणूस माझ्या डोक्यातून जाईना. स्कूटीवर परत येताना ठरवलं, हे आपण करून टाकू.

अन् दुसऱ्या दिवशी केलं. चार मिनिटं कुठं जातात ते शोधलं. आमचा डबा रीडिंग पाठवायचा, मग निरोप घ्यायचा, ‘माझं बोलून झालं,’ अन् समोरून उलटा निरोप यायची वाट पाहत बसायचा. हेड ऑफिसचं मशीन निरोप ऐकायचं, पण उलटं काही म्हणायचं नाही. डबा आपला दारात उभा. चार मिनिटांनी कंटाळून लाइट हिरवा करायचा.

मले काय वाटलं सांगू? वाटलं, रीडिंग तर पोचल्या! मग हा निरोपाचा तमाशा काहून? मी लायब्ररीतला तो निरोपाचा भागच उडवला. रीडिंग द्या, फोन ठेवा. ऑफिसमध्ये माझ्याच बनवलेल्या टेस्ट मशीनवर चालवून पाह्यलं, झकास पास. पेपर मीच काढला, मीच लिहिला, मीच तपासला, शंभरपैकी शंभर.

नवीन कोड आधी एकाच जागी लावून पाहतात. जागा अर्थातच मेश्राम काकांचं पंप हाऊस. काकांनी बटण दाबलं. पिवळा. हिरवा. दोन सेकंद!

“अरे बाप्पा!” काका म्हणाले. डब्याभोवती फिरून आले, मागं कोणी लपलं आहे का पाह्यलं, अन् मग टोपी घातली अन् खरंच, दोन पाचच्या बसमध्ये बसून गेले. खिडकीतून मले हात दाखवला. मी तिथंच रस्त्यावर एकटी नाचली. पाहायले कोणी नव्हतंच.

तीन आठवडे झाले असतील. साहू भैया चहा पिता पिता म्हणाले, “वो तेरे मराठी वाले काका हैं न, पंप हाऊस वाले? उनका कुछ चक्कर है. काम आधा छोड़ के भाग जाते हैं, ऐसा बोल रहे हैं ऊपर वाले. सोमवार को बुलाया है. शायद हटा देंगे.”

“मेश्राम काका? भैया, वो आदमी पीली लाइट पे नहीं निकलता!”

“हव, पर सिस्टम में तो रोज ‘अपूर्ण’ आ रहा है. अउ गेट वाला गार्ड भी बोल रहा है, पहले साढ़े तीन की बस पकड़ते थे, बाद में दो पाँच की पकड़ने लगे.”

माझ्या हातातला पारले चहात पडला. मी स्कूटी काढली अन् सरळ पंप हाऊस गाठलं.

काका स्टुलावर बसून होते. दहा-बारा दिवसांपूर्वी आलेली नोटीस त्यांनी शर्टाच्या खिशात चार घड्या करून ठेवली होती. काढून दाखवली, अन् एक वही पुढं केली. वहीत प्रत्येक दिवसाच्या आठही रीडिंग, वेळेसकट, मिनिटासकट. सहा वाजून शून्य मिनिटं. सात वाजून शून्य मिनिटं. एका ठिकाणी आठ वाजून एक मिनिट होतं, तर बाजूले लिहिलं होतं, ‘विंचू.’

मी लॅपटॉप उघडला, हेड ऑफिसकडची नोंद काढली. तिथंही आठच्या आठ रीडिंग. वहीशी आकडा अन् आकडा जुळत होता. फक्त शेवटी, त्यांच्या नावापुढं, लाल अक्षरात ‘अपूर्ण’. रोज.

“सगळं तर पोचलं आहे काका! मग अपूर्ण काय आहे?”

काकांनी त्या लाल अक्षरांवर बोट ठेवलं.

“तुमच्या मशीनले कसं समजते, की एवढंच होतं म्हणून? आठ आले, पण नववा, दहावा मागं राहिला नाही हे कसं समजते?”

“म्हणजे?”

“आमच्या केबिनसमोरून गाडी जाते. आपण डबे मोजत बसत नाही. शेवटच्या डब्याच्या मागं पाटी असते, एल. व्ही. लास्ट व्हेइकल. ती पाटी डोळ्यानं पाह्यली, की गाडी पूर्ण आली. पाटी नाही दिसली, तर समजायचं मधातून तुटली. चार डबे मागं रुळावर उभे असतील. मग मागच्या गाडीले लाइन क्लियर, म्हणजे पुढं यायची परवानगी, द्यायची नाही. समोर इंजिनपासून पन्नास डबे दिसून राहिले तरी नाही द्यायची. तुमच्यात असं काही नसते का?”

मी लॅपटॉपवरून मान वर केली.

असते. आमच्यात असते. तोच तर निरोप! पोथीत तो उगाच शिष्टाचार म्हणून नाही ठेवला. मधात बसलेला चोर कुलूप तोडू शकत नाही, पण तार तर तोडू शकते ना? अर्धं बोलणं जाऊ द्यायचं, तार तोडायची, समोरच्याले वाटलं पाहिजे एवढंच होतं. म्हणून निरोपही कुलपातच पाठवायचा, म्हणजे चोराले खोटा निरोप देता येत नाही. हेड ऑफिसचं मशीन पोथीप्रमाणे पाटीची वाट पाहत होतं. पाटी नाही, तर गाडी अपूर्ण. बाकीचे पंपवाले पिवळ्यावर पळून जात होते तरी त्यांचा डबा पाटी लावून गाडी सोडत होता. एकट्या मेश्राम काकांची गाडी रोज बिनपाटीची जात होती. कारण पाटी मी काढून फेकली होती. त्यांची बस चुकू नये म्हणून.

अन् मग मी काय केलं? मी म्हटलं, “काका, नेटवर्कचा इशू दिसून राहिला.”

कसं निघालं तोंडातून, मले आजही समजलं नाही. पाच वर्षं ज्या ऑफिसात बसली त्याचा गुण. काका म्हणाले, “असं का,” अन् नोटीस परत घड्या घालून खिशात ठेवली.

दुरुस्ती तीन ओळींची होती. निरोप पाठवायचा, पण उलट्या निरोपाची वाट नाही पाहायची. पोथीत हेच लिहिलं आहे, स्वच्छ. आपला निरोप द्या, समोरच्यासाठी थांबायची गरज नाही. म्हणजे काढायचं होतं थांबणं, अन् मी काढलं होतं बोलणंच. या वेळी मी त्या पानावर बोट ठेवून वाचलं, प्रत्येक ओळ. मग टेस्ट मशीनलेही शिकवलं की पाटी नसेल तर बोंबल. जुना कोड चालवला, बोंबललं. नवा चालवला, गप. इतकं सुंदर गप मी कधी ऐकलं नव्हतं.

भैयाले सगळं सांगतलं. भैयाने डोकं धरलं.

“अरे यार. ठीक है, ठीक कर दिया न? बस. सोमवार को नेटवर्क बोल देंगे. काका भी बच जाएँगे, हम भी बच जाएँगे.”

मले पटलं. खरंच सांगते, मले ते पटलं होतं.

सोमवारी हेड ऑफिसले गेलो. एसीची खोली, लंबं टेबल, पलीकडे ठेकेदाराचे मोठे साहेब. इकडे भैया अन् मी. मेश्राम काका उभे. बसा म्हटलं तरी उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, काखेत वही.

भैया सुरू झाले, “सर, एक्चुअली नेटवर्क का इशू...”

“नेटवर्क तो सबका एक ही है,” साहेब म्हणाले. “बाकी सब का पूर्ण आ रहा है. इनका ही क्यों नहीं? और जिस दिन से इन्होंने जल्दी वाली बस पकड़ी, उसी दिन से अपूर्ण. मैं क्या समझूँ?”

भैया माझ्याकडे पाहू लागले. मी टेबलाकडे. आमच्या नेटवर्कनं काका वाचत नव्हते, उलटे पुरते फसून राहिले होते. साहेबांनी कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं. काका वही उघडायले लागले, तर साहेब म्हणाले, “हाथ का लिखा तो कोई भी लिख लेता है काका.”

काकांनी वही बंद केली. तो वही बंद झाल्याचा आवाज माझ्याच्यानं ऐकवला नाही.

“सर, मैंने किया है,” मी म्हटलं.

“क्या किया है?”

“अपूर्ण मैंने किया है.”

साहेब गोंधळले. “आप... आप जाती हैं दो पाँच की बस से?”

मग मी सुटली. मी बोलायले लागली की मधात फुलस्टॉप येत नाही. कुलूप, पोथी, निरोप, चोर, एल. व्ही. ची पाटी, दोन सेकंद, रस्त्यावर नाचली तेही सांगतलं. भैयाने टेबलाखालून दोनदा पाय मारला, दुसऱ्यांदा तो साहेबांले लागला. लॅपटॉप उघडून जुना कोड चालवून दाखवला, अपूर्ण. नवा चालवला, पूर्ण. पुन्हा जुना, पुन्हा नवा. चौथ्यांदा साहेब म्हणाले, “बस बस, समझ गया.”

समजलं होतं का माहीत नाही, पण पेनाचं टोपण लागलं.

मी काकांकडे पाह्यलं. मले वाटलं हसतील.

“त्या दिवशी नेटवर्क म्हणाली होती तू,” काका म्हणाले.

“हो काका.”

“तेव्हा माहीत होतं?”

“...हो काका.”

काका साहेबांकडे वळून म्हणाले, “साहब, जो लाल में लिखा है, वो मिटेगा?”

नाही मिटणार, असं निघालं. एकदा चढलेली नोंद बदलता येत नाही, सिस्टमच तशी. तशी कोणी बनवली, तर तो भाग आमचाच. फाइलमध्ये एक कागद लागू शकते.

“मग लागू द्या,” काका मले म्हणाले. “लिहून दे.”

मी लॅपटॉप ओढला. काकांनी झाकण बंद केलं. “हातानं.”

कॉलेज सुटल्यापासून मी सही सोडून हातानं काही लिहिलं नव्हतं. पहिला कागद काकांनी परत केला, तारीख आहे, वेळ नाही. दुसरा परत केला, कारण अर्धं पान होतं. “कारण एका ओळीत लिहितात. गाडी घसरली तरी एका ओळीत लिहितात.” तिसऱ्या कागदावर मी हिंदीत लिहिलं, ‘कारण: मैंने नियम पूरा पढ़े बिना बदल किया. ऑपरेटर की कोई गलती नहीं.’ खाली नाव, सही, वेळ. साहेबांनी सही करून शिक्का मारला. भैयानेही सही केली. काकांनी तीन कॉपी करून घेतल्या. एक फाइलले, एक स्वतःले, एक मले. माझी आजही ड्रॉवरमध्ये आहे. ते सतरा ‘अपूर्ण’ही तिथंच आहेत, हेड ऑफिसच्या मशीनमध्ये, लाल. कधी कधी उघडून पाहते. मिटत नाहीत.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “काका, स्कूटीवर घरी सोडते.”

आता पुढचं मी काकांले विचारून लिहून राहिली. ते म्हणाले, “लिही. अंक यायच्या आधी तुझ्या काकूले मीच सांगून टाकतो.” सांगतलं असेल अशी आशा आहे.

गुढियारीत त्यांच्या घरी पोचलो. दारात काकू तांदूळ निवडत बसून होत्या. मी “जय भीम काकू” म्हटलं अन् ओळख करून दिली, “मी ती पंप हाऊसच्या मशीनवाली.”

काकूंनी सूप खाली ठेवलं.

“तूच का वं ती? काय मशीन बनवते तू? पहिले आठ दिवस माणूस टायमावर घरी आला. मले म्हणे, आता रोज तीन-सव्वातीनपर्यंत येत जाईन. अन् मग पुन्हा सुरू! साडेचार, पाच! विचारलं तर म्हणे, मशीन पुन्हा स्लो झाली, लाइट हिरवाच होत नाही. म्हाताऱ्या माणसाले उन्हात बसवून ठेवते, तुले काही वाटते का नाही?”

मले काही समजेना. मशीन तर दोन सेकंदात हिरवी होत होती. मी काकांकडे पाह्यलं.

काका माझ्याकडे पाहत नव्हते. चपला काढण्यात खूप वेळ लावून राहिले होते. अन् मग मले समजलं. नोटीस आल्यापासून त्यांनी दोन पाचची बस सोडून दिली होती. हिरवा झाल्यावरही रोज साडेतीनपर्यंत गार्डच्या डोळ्यासमोर बसून राहत होते, कोणी म्हणू नये पळाला म्हणून. घरी नोटिशीचा शब्द नव्हता. घरी मशीन स्लो होती.

माझ्या बॅगेत कागद होता. सहीचा, शिक्क्याचा, वेळ घातलेला. मी चेन अर्धी उघडली. काकांनी मान वर केली, अन् इतकीशी हलवली.

मी चेन लावून टाकली.

“हो काकू,” मी म्हटलं. “चुकलंच माझं. स्लो होती मशीन.”

“मग?”

“आज ठीक केली.”

“पक्की?”

“पक्की. उद्यापासून तीनले घरी.”

काकूंनी मले वरून खालपर्यंत पाह्यलं. मग सूप उचललं, आत जाता जाता म्हणाल्या, “बस मग. पोहे टाकते, खाऊन जा. अन् पोरी, आता चालून राहिली ना ती? तर पुन्हा हात नको लावू तिले.”

काका चपला सोडून इतक्या जोरात हसले, की त्यांले खोकला आला.